नवऱ्याचं मरण बघायचं होतं

आमच्या ह्यांनी माझ्या हिरव्या लुगड्यात नऊ वेळा जीव दिला आणि मी ते एकदाही बघितलं नाही. अख्ख्या गावाने बघितलं. खाडीपलीकडच्या गावांनी होड्या भरभरून येऊन बघितलं. कट्टा गावच्या बाजारात गेले तर ओळख ना पाळख, दुकानदार पुडी बांधता बांधता म्हणायचा, "वैनी, औंदा तर मरणाक तोड नाय हां!" आणि मी, जिचं लुगडं, जिच्या बांगड्या, जिचा नवरा, ती त्या वेळी घरात एकटी दिव्यात तेल घालत बसलेली. राग येणार नाही तर काय होणार?

आमच्या गावच्या जत्रेत दरवर्षी एकच नाटक व्हायचं. खाडीवर तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवणाऱ्याची मुलगी आणि गलबतावरचा तरुण तांडेल, यांची गोष्ट. दोघांचं जमतं, तिच्या बापाला ते पसंत नसतं. तांडेल सफरीला जातो, परतायचा दिवस टळतो, आणि बाप खोटंच सांगतो की गलबत बुडालं. मुलगी धक्क्यावर उभी राहून विषाची वाटी तोंडाला लावते आणि त्याच घडीला खाडीच्या तोंडाशी शीड दिसतं. तो धावत येतो, तर ती संपलेली. मग तोही तिथेच प्राण सोडतो. नाटक कोणी लिहिलं कुणास ठाऊक, एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरवत आलेलं होतं. विष म्हणजे कोकमाचं पाणी, खाडी म्हणजे दोघांनी टोकं धरून हलवलेली निळी लुगडी, आणि ती मुलगी म्हणजे आमचे हे. बायकांनी रंग लावून उभं राहायचं हे तेव्हा आमच्या गावात कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्यामुळे एरवी चिखलात बैलांना शिव्या घालणारा हा माणूस जत्रेआधी महिनाभर मिशी काढून टाकायचा आणि अंगणात कंबर सांभाळत फिरायचा. मी हसले की रागावायचे.

ते मरणही साधंसुधं नव्हतं म्हणे. वाटी तोंडाला लावल्यापासून कोसळेपर्यंत ह्यांना अर्धा तास लागायचा. सगळ्यांचा निरोप घेत घेत मरायचं. होडीचा निरोप, वल्ह्याचा निरोप, धक्क्याच्या पायऱ्यांचा निरोप. बाया पदर पिळायच्या. हे सगळं मला विहिरीवर कळायचं, कळशी भरता भरता, दुसऱ्यांच्या तोंडून.

कारण गावची रीत. जत्रेत जो देवासमोर मरण दाखवतो त्याच्या बायकोने ते बघायचं नाही. विषाची वाटी आली की तिने उठायचं, घरी जायचं, देवापुढे दिवा लावायचा आणि नवरा तोंडावरच्या रंगासकट जिवंत उंबऱ्यात येईपर्यंत जागचं हलायचं नाही. आणि दुसरी रीत अशी की मेलेल्यांना मेलेलं ठेवून जत्रा उठत नाही. दोघं कोसळली रे कोसळली की गावकार, म्हणजे आमच्या देवळाचा मानकरी म्हातारा, मोठ्याने हाक घालायचा, मेलेली दोघं उठून बसायची, दहीकाल्याचं मडकं फुटायचं आणि तो काला पहिल्यांदा त्या दोघांच्या तोंडात जायचा. मग सगळे लोक ओंजळी पुढे करून धावायचे. म्हणजे रडं संपलं की लगेच दही. मला मात्र दोन्ही नाही. हे येताना केळीच्या पानात बांधून आणायचे, तेवढं दही मिळायचं.

लग्न झाल्यावर पहिल्याच जत्रेत सासूबाईंनी माझं मनगट धरलं आणि ओढत घरी नेलं. मी नवी होते, गप्प गेले. तिसऱ्या वर्षी गप्प राहिले नाही.

"आये, हे बाई म्हणान मरतत ना? मगे बायल मेली तर नुकसान त्या तांडेलाचा. माज्या कुंकवाक काय धाड भरतली?"

सासूबाईंनी दोन्ही हात कपाळाला लावले. "बगा मेलेची जीभ! बाई म्हणान मरांदे नायतर रेडो म्हणान मरांदे, कुडी माज्या झिलाची आसा ना? चल घराक."

कुडी त्यांच्या मुलाची, लुगडं तेवढं माझं.

एकदा पावसाळ्यात, घरात कोणी नव्हतं तेव्हा, मी ह्यांना म्हटलं, माझ्यापुरतं एकदा मरून दाखवा. इथेच, चुलीपुढे. मी दार लावून घेते. हे उठले, खाकरले, पितळी वाटी हातात घेतली. माझ्याकडे बघितलं आणि वाटी खाली ठेवली.

"तू अशी टकामका बगित ऱ्हवलंस तर माका मराक येवचा नाय."

"आणि हजार माणसां बगतत तेव्हा येता?"

"ती हजार आसतत. तू एकटी आसस," म्हणाले, आणि गोठ्यात निघून गेले. मी दिवसभर भांडी आपटली.

अशी नऊ वर्षं. आता म्हाताऱ्या वयात हे सांगताना हसू येतं, पण तेव्हा खरंच जीव तुटायचा. माझ्या माणसाकडे देवाने काहीतरी दिलेलं होतं, ते सगळ्या जगाने बघितलं होतं, आणि मी त्याची चड्डी-बनियन धूत होते. मला एकदा बघायचं होतं. एकदाच. बाकी काही मागणं नव्हतं.

आणि मग सिनेमावाले आले.

साठ सालच्या आगेमागेची गोष्ट. डायरेक्टरचं आजोळ जवळच कुठेतरी, लहानपणी त्याने हे नाटक बघितलेलं. मुंबईत नाव झाल्यावर त्याला त्याची आठवण झाली, आणि एका मार्गशीर्षात तो धुळीने माखलेल्या मोटारीतून गावात हजर झाला. त्या वर्षी हे नववं मरण मरत होते. डायरेक्टर पहिल्या रांगेत बसून रडला, असं मला विहिरीवर कळलं. दुसऱ्या दिवशी तो आमच्या पडवीत बसून म्हणाला, "मी याचा सिनेमा करणार. इथेच, याच खाडीवर. जत्रेतलं जिवंत नाटक पडद्यावर न्यायचं आहे मला."

ह्यांनी आतल्या खोलीत येऊन माझा हात एवढा दाबला की बांगडी वाढली. मला तर ह्यांच्यापेक्षा जास्त आनंद. कारण मी मनात सगळा हिशेब जुळवला होता. सिनेमा म्हणजे सावली. सावलीपुढे देव नाही, जत्रा नाही, गावकार नाही. तंबूत तिकीट काढून बसले की मला मनगट धरून कोण उठवणार आहे? नवऱ्याचं मरण मी बसून, शेंगा खात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघणार.

पुढच्या पौर्णिमेला शूटिंगची माणसं आली आणि शाळेत उतरली. ह्यांनी आदल्या दिवशीच मिशी सफा केली होती. हे गुळगुळीत तोंडाने, केसांना तेल चोपडून मोटारीपुढे जाऊन उभे राहिले, आणि मोटारीतून एक बाई उतरली. नाजूक, गोरी, डोळ्यांवर काळा चष्मा. डायरेक्टर म्हणाला, "ही आपली तरीवाल्याची मुलगी."

आता सिनेमात बाईचं काम बाई करते हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण या नाटकाच्या बाबतीत ते कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, ह्यांच्याही आणि माझ्याही. हे एवढंच म्हणाले, "बरां आसा." घरी आले आणि आरशात तोंड बघत बसले. मी म्हटलं, मिशी परत येईल हो. तर माझ्या अंगावर खेकसले. मला त्यांच्यापेक्षा जास्त लागलं होतं, पण सांगणार कुणाला? माझं मरण गेलं होतं हातातून.

त्यात भर म्हणजे आमच्या घराला न्हाणीघर धड होतं म्हणून नटीबाईंना आमच्याकडे ठेवलं. पहिल्या दिवशी मी चहा तिच्यापुढे असा ठेवला की बशीत अर्धा सांडला. दुपारी तिरफळ घातलेली बांगड्याची आमटी मुद्दाम झणझणीत केली. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या, नाक लाल झालं, आणि ती म्हणाली, "वहिनी, अजून थोडा रस वाढता?" आता अशा बाईवर राग कसा धरायचा? तिसऱ्या दिवशी मी तिच्या केसांना तेल लावत होते आणि ती मला मुंबईच्या गोष्टी सांगत होती.

अडचण एकच होती. तिला तरीवाल्याच्या मुलीसारखं चालता येईना. ओल्या पायऱ्यांवरून उतरताना ती दोन्ही हात पसरायची. पदर खोचला की सुटायचा, सोडला की अडकायचा. डायरेक्टर वैतागून ह्यांना म्हणाला, "तुम्ही जरा दाखवा हो हिला." हे आढेवेढे घेत उठले, धोतराचा सोगा कमरेला खोचला आणि धक्क्याच्या शेवाळलेल्या पायऱ्या कळशी घेतल्यासारखे सरसर उतरून गेले. नटीबाई बघतच राहिली. त्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. सकाळी आमच्या अंगणात माझा नवरा एका तरुण बाईला बाईसारखं चालायला शिकवतोय, आणि मी केरसुणी हातात धरून हसून हसून बेजार. "कमर नाय हलवची! कळशी आसा कमरेर, ती सांडात!" हे ओरडायचे. ती बिचारी पुन्हा पहिल्यापासून चालायची. आठ दिवसांनी मला म्हणाली, "वहिनी, मी खरी बाई झाले ती तुमच्या अंगणात."

ह्यांचं तोंडही हळूहळू सैल झालं. शिकवण्यात रमले. मिशीही उगवायला लागली होती, अर्धी कच्ची, काटेरी. भांडण झालं ते शेवटच्या प्रवेशावरून.

डायरेक्टरने तो अर्ध्या तासाचा निरोप काढून टाकला होता. अख्खाच. सिनेमात ती मुलगी एक शब्द बोलणार नव्हती. वाटी तोंडाला लावणार, खाडीकडे एकदा बघणार आणि पडणार.

"एकदा बगतली?" हे म्हणाले. "आणि मागे बसलेल्या माणसांक काय दिसतला?"

"सिनेमात मागे कोणी नसतं," डायरेक्टर म्हणाला. "कॅमेरा तिच्या डोळ्यांपाशी जातो. मग बोलायची गरज काय?"

"म्हंजे सगळ्या लोकांक उचलून तिच्या नाकापर्यंत हाडतलात?"

"अगदी तसंच."

हे दोन दिवस त्याच्यावर विचार करत होते. नांगराला दोर बांधता बांधता मध्येच थांबायचे. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "मी आरडत होतंय ता शेवटच्या माणसासाठी गो. पयल्या रांगेतल्याक तर मेल्यासारखाच दिसत आसतला." पण पटलं नव्हतं त्यांना, एवढं नक्की.

गाणी करायला सगळी मंडळी धामापूरच्या तळ्यावर जाऊन आली आणि मग मरणाचा दिवस उजाडला. सकाळची वेळ, भरती पुरी चढलेली, शिडाचं गलबत मालवणाहून त्या एकाच दिवसासाठी मागवलेलं. धक्क्यावर अख्खा गाव बसवला होता, कारण डायरेक्टरला ती मेल्यावर रडणारा गाव दाखवायचा होता. रडायच्या बायकांच्या पहिल्या रांगेत मी. मला बसायला हरकत नव्हती, कारण मरणार होती नटीबाई. बाजूला सासूबाई, मागे गावकार. गलबत येतानाचं चित्र आम्हाला पुढे बसवून घेऊन झालं होतं; आता कॅमेरा आमच्या बाजूला तोंड करून.

नटीबाईने वाटी घेतली. खाडीकडे बघितलं. काय बघितलं हो! अंगावर काटा आला माझ्या. आणि मग ती पडली.

आणि गाव उठला. म्हातारी-कोतारी, बाया, पोरं, सगळी ओंजळी पुढे करून धक्क्यावरून धावत सुटली. कॅमेरा आडवा होता होता वाचला. डायरेक्टर ओरडतोय, "अरे काय झालं? काय झालं?" आणि गाव तिथे जाऊन उभा, मडकं कुठेय म्हणून वर बघतोय.

डायरेक्टरला समजावून सांगायला बराच वेळ गेला. मग त्याने आम्हाला समजावलं, की इथे दही नाही. ती मेली आहे. तुम्हाला दुःख झालं आहे. पुन्हा बसवलं. पुन्हा नटीबाई पडली. या वेळी कोणी धावलं नाही, पण सगळ्यांची तोंडं हसरी. एवढ्या वर्षांची सवय, ती पडली की मनाला बरं वाटायचं. माझ्या शेजारची तर पदराखाली ओंजळ धरून तयार होती. तिसऱ्या वेळेला डायरेक्टर रडकुंडीला आला.

"अहो, तुमच्यासमोर तरणीताठी पोरगी मेली आहे!"

गावकार शांतपणे म्हणाला, "मेली खंय? उठतली मगे."

डायरेक्टर मटकन खाली बसला. भरती ओसरायला लागली होती. पायऱ्यांचं शेवाळ दिसू लागलं, गलबतवाला आता निघतो म्हणून हाका घालू लागला. नटीबाई खांबाला टेकून बसली होती आणि खरोखर रडत होती. ती म्हणत होती, दोष लोकांचा नाही, माझा आहे, मला मरता येत नाही. मी जाऊन तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिने डोळे पुसले आणि डायरेक्टरकडे वळून म्हणाली, "ह्यांना करू दे. कॅमेरा गावाकडेच आहे ना? कॅमेऱ्याच्या मागे उभं राहून ह्यांना त्यांचं मरण करू दे. लोक त्यांना बघतील."

सगळ्यांचे डोळे ह्यांच्याकडे. हे त्या वेळी अर्ध्या बाह्यांचा सदरा आणि धोतर घालून, काटेरी मिशीसकट, बाजूला विडी ओढत उभे. ह्यांनी विडी टाकली.

सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "ऊठ. घराक चल."

"आये, ही जत्रा न्हय."

"मरण ता मरण. ऊठ."

मागून गावकारही म्हणाला, "बायलेक घराक धाडा." मी उठले. काय करणार, एवढा गाव बघत होता. डोळ्यांत पाणी आलं ते लपवायला मान खाली घातली. तर डायरेक्टर धावत आला. "ह्या बाईंना कुठे नेताय? मघाच्या चित्रात त्या पुढे मधोमध आहेत! आता त्या नसल्या तर बघणारे म्हणतील, मधली बाई गेली कुठे? मला सगळं पुन्हा करावं लागेल, आणि पाणी तर उतरलं!"

मग जी काही जुंपली! सासूबाई रीत सांगताहेत, डायरेक्टर चित्र सांगतोय, गलबतवाला शिव्या देतोय. शेवटी गावकाराने हात वर केला आणि ह्यांना विचारलं, "तुजा काय म्हणणा आसा? कुडी तुजी."

मला वाटलं, संपलं. चुलीपुढे ज्याला माझ्यासमोर मरता येत नव्हतं, तो आता काय सांगणार? हे माझ्याकडे बघत राहिले. मान हलवली नाही, डोळे खाली केले नाहीत. माझ्या तोंडावर काय दिसलं त्यांना कोण जाणे.

"ऱ्हवांदे तिका," म्हणाले.

गावकाराने खाडीकडे तोंड करून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्यो आज मरतलो तो मुंबयच्या पावण्यांच्या कामासाठी. तेच्या बायलेन बगलान तर तिच्या कुंकवाक हात लावू नको रे म्हाराजा!" आणि सगळ्या धक्क्याने साथ दिली, "होय म्हाराजा!" मी सगळ्यांत मोठ्याने दिली. सासूबाई धुसफुसत बसल्या, पण माझं मनगट काही सोडलं नाही.

हे कॅमेऱ्याच्या मागे जाऊन उभे राहिले. लुगडं नाही, बांगड्या नाहीत, रंग नाही. मला वाटलं, मला हसू येणार. नऊ वर्षं वाट बघितली आणि ऐन वेळी मी हसून सगळ्याची माती करणार. मी दातांखाली पदर धरला.

ह्यांनी वाटी तोंडाला लावली, खाली ठेवली, आणि नसलेल्या पदराच्या टोकाने हनुवटी पुसली.

माझं हसू तिथेच गेलं. कारण तसं मी करते. चुलीपुढून उठले की मी पदराच्या टोकाने हनुवटी पुसते, कपाळ नाही, गाल नाही, हनुवटी. मला ते कोणी कधी सांगितलं नव्हतं, मला ठाऊकही नव्हतं. ते आत्ता समोर बघून कळलं.

मग हे बोलायला लागले. होडीकडे वळून म्हणाले, "येतंय हां." वल्ह्यावरून हात फिरवल्यासारखं करून म्हणाले, "येतंय हां, नीट ऱ्हव." पायऱ्यांना, पाण्याला, बापाच्या टोपीला, एकेकाला तेच. येतंय हां.

दरवर्षी माहेरी जायला निघाले की मी गोठ्यात जाऊन गाईला सांगते, येतंय हां. मग तुळशीला, मग विहिरीला, मग मागच्या फणसाला. हे अंगणात ट्रंक घेऊन उभे असतात आणि ओरडत असतात, "अगो, यष्टी जायत! झाडां काय पळान जातत?" तो माणूस हे सगळं ऐकत होता. वहीतल्या नाटकात हे नव्हतं, हो. वही मी वाचली आहे. वहीत दोन पानांची संस्कृत भाषा होती. ह्यांनी ती टाकून माझं बोलणं घातलं होतं, माझा आवाज, मान तिरकी करून थांबायची माझी सवय, सगळं. नऊ वर्षं ह्या माणसाने गावासमोर मलाच उभं केलं होतं, आणि मी जाते तेव्हा त्याला काय होतं ते त्याने गावाला सांगितलं होतं. मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून विहिरीवर बाया माझ्याकडे बघून तशा हसायच्या!

मी रडले की कशी रडले ते मला सांगता येणार नाही. सासूबाईंनी मनगट सोडलं आणि स्वतःच डोळ्यांना पदर लावला. मागे गावकार हुंदके देत होता. हे कोसळले तेव्हा धक्क्यावर एकाही माणसाला दह्याची आठवण नव्हती.

"झालं!" डायरेक्टर ओरडला. "मिळालं!"

मग मात्र गाव भानावर आला. ह्यांना असंच मेलेलं ठेवून कोणी उठायला तयार होईना. आमच्याच घरून दह्याचं मडकं आणलं, गावकाराने हाक घातली, हे धूळ झटकत उठले. पहिला घास ह्यांच्या तोंडात, दुसरा नटीबाईच्या, कारण तीही सकाळपासून तीनदा मेली होती. डायरेक्टरने दोनदा मागून घेतलं. आणि पहिल्यांदाच, लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर, मी त्या गर्दीत ओंजळ पुढे करून उभी राहिले.

घरी ह्यांच्याशी मी काही बोलले नाही. बोलायला गेले असते तर परत रडले असते. रात्री जेवताना जरा जास्त तूप वाढलं, एवढंच. आमच्याकडे नवराबायको असलं काही बोलत नाहीत.

सिनेमा आमच्याकडे यायला दीड वर्ष गेलं. कट्ट्याला तंबूतली टॉकीज लागली आणि आमचा गाव बैलगाड्या जुंपून गेला. मी आणि हे चटईवर शेजारी शेजारी बसलो. पडद्यावर आमची खाडी दिसली तेव्हा शिट्ट्या झाल्या. नटीबाई कळशी घेऊन पायऱ्या उतरली आणि गावातल्या बाया मला कोपराने ढोसायला लागल्या, कारण चालणं ह्यांचं आणि ह्यांचं चालणं माझं. मुंबईच्या गोऱ्या मुलीच्या अंगात मी पायऱ्या उतरत होते. मला एवढं हसू आलं की शेंगा घशात अडकल्या.

शेवट आला. तिने वाटी घेतली, खाडीकडे बघितलं. डायरेक्टरने सांगितलं होतं तसा कॅमेरा तिच्या डोळ्यांपाशी गेला, आणि हे हळूच म्हणाले, "होय गो, बरोबर सांगी होतो तो." ती पडली.

आणि मग पडदाभर मी.

सासूबाई दिसल्या, गावकार दिसला, पण ते सगळे काठाला. मधोमध माझं तोंड, तंबूच्या कनातीएवढं, रडून वेडंवाकडं झालेलं. मला लाजेने कुठे तोंड लपवू असं झालं. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी त्या दिवशी मला रडताना बघितलंच नव्हतं, हे मरण्यात गुंतले होते. हे आता बघत होते. तोंड उघडं, हातातली विडी तशीच, डोळ्यांतून पाणी चाललेलं आणि ते पुसायचंही भान नाही. एकाएकी गुडघ्यांवर उठून बसले आणि भर तंबूत, सगळ्या गावासमोर, पडद्याला मोठ्याने म्हणाले, "रडा नको गो! अगो, मी हय आसंय! बग, हय आसंय मी!"

तंबू हसून हसून लोळला. मी त्यांचा सदरा ओढला, म्हटलं, अहो, खाली बसा, मी इथे आहे. पण माझ्याकडे बघायला त्यांना सवड कुठे होती? ते पडद्यावरच्या मला समजावत होते.